३८ शाखांचे राउटर आणि परतीची वाट

प्रश्न असा आला आहे. जळगावला मुख्यालय असलेल्या एका पतसंस्थेच्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत मिळून ३८ शाखा आहेत. सगळीकडचे जुने राउटर बदलायचे आहेत आणि संगणक विभागात माणसे दोनच आहेत. नवा राउटर कुरिअरने शाखेत पोहोचावा, शिपायाने वायर लावून बटण दाबावे, पुढचे सगळे सेटिंग आपोआप यावे आणि नंतरचे बदलही मुख्यालयातूनच व्हावेत, अशी व्यवस्था जमेल का आणि जमत असेल तर कोणत्या पद्धतीने?

जमते. प्रश्नकर्त्यांचा सगळा भर मात्र सेटिंग पाठवायचे कसे यावर आहे आणि तो भाग तुलनेने सोपा आहे. गेली अठरा वर्षे खानदेशातल्या शाखांची जोडणी करताना माझी अडचण जेव्हा जेव्हा झाली, तेव्हा ती दोनपैकी एका क्षणी झाली. पहिला क्षण म्हणजे कोरा राउटर अनोळखी जागी पहिल्यांदा इंटरनेटला लागतो तो, आणि दुसरा म्हणजे चालू शाखेतला बदल करताना आपण ज्या फांदीवर बसलो आहोत तीच तोडून बसतो तो. या दोन क्षणांची तजवीज आधी करा. मधल्या कामाला चांगली अवजारे फुकटात मिळतात.

पहिल्या क्षणासाठी पुस्तकात जी पद्धत सांगतात ती डीएचसीपीची, म्हणजे उपकरणांना आपोआप पत्ते वाटण्याची आहे. राउटर सुरू होताच नेटवर्कमधला आपला पत्ता (आयपी) मागतो, पत्ता देणारा सर्व्हर सोबत ६६ आणि ६७ या क्रमांकांच्या पर्यायांतून फाइल कोणत्या सर्व्हरवर आहे आणि तिचे नाव काय हे सांगतो (सिस्कोच्या उपकरणांत सर्व्हरसाठी १५० हा पर्यायही वापरतात), आणि राउटर ती फाइल आणून स्वतःवर चढवतो. कारखान्याच्या आवारात किंवा स्वतःच्या लीज लाइनवर ही पद्धत झकास चालते, कारण तिथे पत्ता देणारा सर्व्हर आपला असतो. यावल किंवा तळोद्याच्या शाखेत पत्ता देतो तो फायबरवाल्याचा मोडेम, आणि त्याला तुमच्या फाइलचे नाव माहीत असण्याचे काहीच कारण नाही. शिवाय ही फाइल बहुधा टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने येते. त्या पद्धतीत ओळख पटवणेही नाही आणि गुप्तताही नाही, त्यामुळे सार्वजनिक इंटरनेटवरून तिने बँकिंगच्या राउटरचे सेटिंग आणणे म्हणजे तिजोरीची किल्ली पोस्टकार्डाला चिकटवून पाठवणे होय.

दुसरी वाट उत्पादकाच्या क्लाउडची आहे. राउटर पेटला की तो उत्पादकाच्या ठरलेल्या सर्व्हरला आपला सिरियल नंबर सांगतो, आणि तो नंबर तुमच्या खात्यात नोंदलेला असला की तिथून त्याला तुमचे सेटिंग मिळते. सोय उत्तम आहे. खरेदीपूर्वी एवढेच लेखी विचारून घ्या की वार्षिक परवाना संपल्यावर राउटर चालू राहील का आणि त्याचे सेटिंग बदलता येईल का. याच कल्पनेचे उत्पादकनिरपेक्ष आणि सुरक्षित रूप २०१९ साली आरएफसी ८५७२ म्हणून प्रसिद्ध झाले आहे (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक पद्धतींचा क्रमांकित दस्तऐवज). त्यात राउटरच्या चिपमध्ये कारखान्यातच ओळखीचे प्रमाणपत्र बसवलेले असते आणि ‘या उपकरणाचा मालक अमुक’ असे सही केलेले पत्र दाखवल्याशिवाय किंवा आधीच विश्वासातल्या सर्व्हरवरून आल्याशिवाय तो कोणाचेही सेटिंग स्वीकारत नाही. विक्रेत्याला हा आरएफसी क्रमांक सांगून विचारा. उत्तरावरून तो किती पाण्यात आहे तेही कळेल.

तरीही ३८ शाखांसाठी माझा स्पष्ट सल्ला असा की, राउटरला आपला हात अजिबात लागू नये हा हट्ट सोडा. तो हट्ट तीन हजार शाखांना परवडतो. तुम्ही सगळी खोकी आधी मुख्यालयात उतरवून घ्या, एका लांब टेबलावर एकदम सहा राउटर मांडा आणि प्रत्येकात फक्त बीज घाला. माझ्या शब्दांत बीज म्हणजे जेमतेम तीस ओळींचे सेटिंग, ज्याच्या बळावर राउटर घरचा पत्ता शोधू शकतो. त्यात प्रत्येक राउटरची स्वतःची वेगळी किल्ली असते. मुख्यालयाचा पत्ता नावानेही आणि आकड्यानेही असतो, म्हणजे नावावरून पत्ता शोधणारा डीएनएस बिघडला तरी अडत नाही. बाहेरच्या पोर्टवर आपोआप पत्ता घेण्याची सूचना, राखीव जोडणीच्या सिमकार्डाचा एपीएन (मोबाइल कंपनीच्या इंटरनेटचे प्रवेशनाव), वेळेचा सर्व्हर आणि प्रशासकाचे लॉगिन फक्त टनेलमधूनच (इंटरनेटवरून मुख्यालयापर्यंत जाणाऱ्या कुलूपबंद वाटेतूनच) उघडेल अशी अट, एवढ्यावर बीज संपते. शाखेचे पत्ते, नियम, प्रिंटर यांतले काहीही त्यात नसते. सरावाने एका राउटरला तीन-चार मिनिटे लागतात आणि दोन माणसांत ३८ खोकी एका दुपारी निघतात. बीज सगळ्यांचे एकाच साच्याचे असल्यामुळे कुरिअरवाल्याने रावेरचे खोके चोपड्याला दिले तरी बिघडत नाही. सिरियल नंबर कोणत्या शाखेत उघडला गेला हे फोनवर विचारून घ्यायचे आणि त्या शाखेचे सेटिंग त्याला द्यायचे.

फायबरच्या जोडणीत एक ठेच हमखास लागते. अनेक ठिकाणी जोडणी पीपीपीओईची असते, म्हणजे वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड दिल्याखेरीज लाइन सुरू होत नाही, आणि तो पासवर्ड शाखा व्यवस्थापकाच्या खणात, जुन्या बिलाच्या पाठीवर लिहिलेला असतो. तो मिळवून राउटरमध्ये भरण्याच्या फंदात पहिल्या दिवशी पडू नका. फायबरवाल्याच्या मोडेमलाच लॉगिन करू द्या आणि आपला राउटर त्याच्या मागे साध्या डीएचसीपीवर बसवा. दोनदा नॅट (एका पत्त्यामागे अनेक उपकरणे बसवणारी पत्त्यांची अदलाबदल) होते म्हणून काही तज्ज्ञ नाक मुरडतात. टनेल आतून बाहेर जाणारा असल्यामुळे प्रत्यक्षात त्याने काही अडत नाही.

आतून बाहेर हा शब्दप्रयोग जपून केला आहे. मोबाइलच्या सिमवर आणि हल्ली पुष्कळ फायबर जोडण्यांवरही तुम्हाला खरा सार्वजनिक पत्ता मिळत नाही. १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होणारा पत्ता दिसला तर तो पुरवठादाराच्या सामायिक नॅटमागचा आहे असे ओळखावे. पत्त्यांची ही पट्टी २०१२ साली आरएफसी ६५९८ ने खास त्यासाठीच राखून ठेवली. अशा राउटरला मुख्यालयातून थेट गाठताच येत नाही. म्हणून राउटरनेच मुख्यालयाला हाक मारावी, टनेल उभारावा आणि अधूनमधून माहितीचे एखादे रिकामे पाकीट (पॅकेट) पाठवून तो जिवंत ठेवावा. वायरगार्ड हे टनेलचे सॉफ्टवेअर वापरत असाल तर हे अंतर २५ सेकंद ठेवण्याचा प्रघात आहे आणि तो योग्य आहे. सार्वजनिक स्थिर पत्ता फक्त मुख्यालयाला लागतो, शक्य तर दोन वेगळ्या पुरवठादारांचे दोन. ३८ स्थिर पत्त्यांचे मासिक भाडे भरण्याची गरज नाही.

घड्याळाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण याने मला दोन रात्री जागवले आहे. स्वस्त राउटरमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. शाखेचा इन्व्हर्टर बसला आणि वीज गेली की पुन्हा पेटताना तो स्वतःला १९७० सालात किंवा फर्मवेअर (राउटरमधले मूळ सॉफ्टवेअर) बनले त्या दिवसात समजतो. टनेल प्रमाणपत्रावर चालणारा असेल, तर राउटरच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून अमलातच आलेले नसते, म्हणून जोडणी होत नाही. वायरगार्डमध्ये प्रमाणपत्र नसते, तेव्हा तो यातून सुटतो असे मीही समजत होतो. पण त्याच्या सुरुवातीच्या प्रत्येक निरोपात वेळेचा शिक्का असतो आणि जुना निरोप पुन्हा वाजवून कोणी फसवू नये म्हणून मुख्यालयाचे टोक आधी पाहिलेल्या शिक्क्यापेक्षा जुना शिक्का नाकारते. त्यामुळे १९७० मध्ये जागा झालेला राउटर हाका मारत राहतो, मुख्यालय ऐकून न ऐकल्यासारखे करते, आणि नोंदीत धड चूकही दिसत नाही. ज्या शाखेने मला जागवले, त्या शाखेत मी वेळेचा सर्व्हर मुख्यालयातला, टनेलच्या पलीकडचा दिला होता. म्हणजे टनेल उभारायला वेळ हवी आणि वेळ मिळवायला टनेल हवा, अशी गाठ मीच मारून ठेवली होती. तेव्हा वेळ नेहमी टनेलबाहेरून, थेट इंटरनेटवरून घ्यावी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी, अथवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी जुळवायची आहेत, त्यामुळे तेच सर्व्हर बीजात लिहिले की वेळही मिळते आणि नियमही पाळला जातो.

राउटर टनेलमधून घरी पोहोचला की पुढची सूत्रे तुमच्या हाती येतात. इथे खरी मालमत्ता म्हणजे शाखांची नोंदवही. ती नेटवर्कच्या नोंदी ठेवणाऱ्या नेटबॉक्ससारख्या प्रणालीत ठेवा किंवा बदलांचा इतिहास जपणाऱ्या गिटमध्ये साध्या फाइलींत ठेवा. ३८ शाखांना दुसरी पद्धत पुरते. प्रत्येक शाखेची एक ओळ असावी आणि तीत शाखा क्रमांक, गाव, सिरियल नंबर, मुख्य जोडणीचा प्रकार, सिमची कंपनी आणि त्या शाखेचे जे काही वेगळेपण असेल ते असावे. पत्ते ओळीत लिहायचेच नाहीत, ते शाखा क्रमांकावरून निघाले पाहिजेत. क्रमांक १७ ची शाखा म्हणजे १०.६०.१७ ही पट्टी, त्यात १ वर राउटर, ११ ते ४० संगणक, ५० पासून प्रिंटर. आणि कॅमेऱ्यांसाठी निराळी पट्टी १०.६१.१७. असे ठरवले की रात्री फोनवर नुसता पत्ता ऐकून शाखा ओळखता येते. मग ॲन्सिबलसारखे अवजार या ओळी आणि एकच साचा एकत्र करून ३८ वेगवेगळी सेटिंग तयार करते आणि एसएसएचने (दूरच्या उपकरणात सुरक्षित लॉगिन करण्याच्या पद्धतीने) टनेलमधून पोहोचवते. जन्माला येताना राउटरने मागावे आणि त्यानंतर आपण द्यावे, अशी ही विभागणी मला सर्वांत कमी कटकटीची वाटते.

साचा बनवल्यानंतर एखाद्या राउटरवर हाताने बदल करण्याचा मोह होईल, आणि तो मोह बहुतेक वेळा सीसीटीव्हीच्या रूपाने येतो. शाखेत कॅमेरे बसवणारा माणूस व्यवस्थापकाला सांगतो की मोबाइलवर चित्र दिसण्यासाठी राउटरमध्ये एक पोर्ट (बाहेरून आत येण्याचे क्रमांकित दार) उघडावा लागेल. व्यवस्थापक फोन करतात, आपण घाईत असतो, दोन ओळी टाकून मोकळे होतो. पुढच्या महिन्यात साचा पुन्हा चढतो तेव्हा त्या ओळी पुसल्या जातात आणि तक्रार येते. किंवा त्या पुसल्या जात नाहीत आणि डीव्हीआर वर्षभर साऱ्या जगाला उघडा राहतो. दुसरा प्रकार अधिक वाईट. अपवाद करायचाच असेल तर तो नोंदवहीत त्या शाखेच्या ओळीत लिहावा, कारणासह आणि मुदतीसह, आणि साच्यातूनच तो राउटरवर जावा. रोज पहाटे प्रत्येक राउटरचे चालू सेटिंग ओढून आणणारे ऑक्सिडाइज्ड किंवा रॅन्सिड यांपैकी एक अवजार लावले, की काल आणि आज यांतला फरक सकाळच्या चहाआधी समोर येतो.

आता दुसरा क्षण. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या धडगाव शाखेत मी दूरवरून डीफॉल्ट रूट (बाहेर जाण्याचा नेहमीचा रस्ता) बदलत होतो. जुना रूट काढणे आणि नवा घालणे अशा दोन ओळी होत्या. पहिली ओळ गेली आणि स्क्रीन थिजला, कारण दुसरी ओळ ज्या रस्त्याने जाणार होती तो रस्ताच मी पहिल्या ओळीने उखडला होता. दुसऱ्या दिवशी जळगावहून चोपडा, शिरपूर, शहादा, म्हसावद करत सातपुड्याचा घाट चढलो, शाखेत पोहोचून राउटर फक्त बंद करून पुन्हा चालू केला आणि त्याच पावली परत फिरलो. सेटिंग जतन केलेले नव्हते म्हणून जुने परत आले. घाट उतरताना मात्र सतत एकच विचार होता की हे बंद-चालू करण्याचे काम राउटरला स्वतःला सांगून ठेवता आले असते.

तशी सोय जवळपास प्रत्येक चांगल्या राउटरमध्ये आहे. ज्युनिपरमध्ये बदल पुष्टीच्या अटीवर लागू करता येतो आणि आपण काही वेगळे सांगितले नाही तर १० मिनिटांत पुष्टी न मिळाल्यास जुने सेटिंग आपोआप परत येते. हीच कल्पना नेटकॉन्फ या सेटिंग पाठवण्याच्या मानक पद्धतीच्या २०११ सालच्या आरएफसी ६२४१ मध्ये आहे आणि तिथेही ठरलेली मुदत ६०० सेकंदांचीच आहे. सिस्कोवर बदलापूर्वी दहा मिनिटांनी पुन्हा सुरू होण्याची आज्ञा देऊन ठेवायची, बदल करायचा, सगळे ठीक असेल तर ती आज्ञा रद्द करायची आणि मगच जतन करायचे. हा क्रम चुकून आधी जतन केले तर राउटर चुकीच्या सेटिंगसह पुन्हा उठेल आणि तुम्हाला घाट चुकणार नाही. नवीन आवृत्त्यांत राउटर बंद न करता फक्त सेटिंग मागे घेणारी मुदतही देता येते. त्यासाठी आधी जुन्या सेटिंगच्या प्रती ठेवणारी आर्काइव्हची सोय चालू करावी लागते. मायक्रोटिकमध्ये जोडणी तुटली की बदल मागे घेणारा सेफ मोड आहे, पण तो हाताने काम करताना कामाचा. स्वयंचलित कामासाठी तिथे मी जुन्या सेटिंगची प्रत राउटरवरच ठेवतो, ती दहा मिनिटांनी परत चढवणारे काम वेळापत्रकात टाकतो आणि तपासणी पार पडली की ते काम पुसतो.

तपासणी कशाला म्हणायचे हे मुदतीपेक्षाही महत्त्वाचे आहे. राउटरने सेटिंग स्वीकारले, चूक दाखवली नाही, एसएसएचही चालू राहिले, एवढ्यावर पुष्टी देऊ नका. शाखेच्या संगणकांच्या पट्टीतून कोअर बँकिंगच्या सर्व्हरच्या नेमक्या पोर्टपर्यंत पोहोचता येते का, मुख्य लाइन बंद करून सिमवर टनेल पुन्हा उभा राहतो का, आणि मोठे पाकीट तुटल्याशिवाय जाते का, हे तिन्ही पाहा. तिसरी गोष्ट हमखास राहून जाते. पीपीपीओईवर एका पाकिटाला १४९२ बाइटची मर्यादा आणि त्यात टनेलचा भार मिळवला की छोट्या पाकिटाची पिंग चाचणी व्यवस्थित जाते, लॉगिनचे पान उघडते आणि अहवाल छापायला घेतला की गाडी अडते. टनेलची मर्यादा १४०० ठेवली तर हा त्रास बहुतेक ठिकाणी संपतो. मुदतही या तपासणीला पुरेल अशी द्या. धडगाव, मोलगी या बाजूला सिमवर टनेल उभा राहायला कधी तीन मिनिटे लागतात. तिथे दोन मिनिटांची मुदत दिली तर बरोबर असलेला बदलही परत फिरेल.

सुरक्षिततेबद्दल दोनच गोष्टी, कारण बाकीचे बीजातच उरकले आहे. सेटिंग स्वीकारण्याचे दार बाहेरून उघडे राहता कामा नये. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत सुमारे ९ लाख ग्राहकांची जोडणी विस्कळीत झाली, आणि तेव्हाचा हल्ला मोडेमच्या दूरस्थ व्यवस्थापनासाठी वापरल्या जाणाऱ्या ७५४७ या पोर्टावर होता. २०१८ मध्ये सिस्कोच्या स्मार्ट इन्स्टॉल या सोयीतून, ४७८६ या पोर्टावरून, अनेक देशांतले स्विच कोरे केले गेले. दोन्ही सोयी नेमक्या याच कामासाठी होत्या, म्हणून वापरात नसलेली अशी प्रत्येक सोय बीजातच बंद करा. दुसरी गोष्ट, सगळ्या शाखांना एकच पासवर्ड ठेवू नका. एक राउटर चोरीला गेला तर त्या एकाची किल्ली रद्द करून काम भागले पाहिजे.

फर्मवेअर सेटिंगच्या आधी, मुख्यालयाच्या टेबलावरच बदलून घ्यावे. नंतरचे बदल फक्त जुने आणि नवे अशा दोन कप्प्यांत फर्मवेअर ठेवणाऱ्या राउटरवर दूरवरून करावेत आणि त्या गावाला वीज जाण्याचा वार सोडून करावेत.

सुरुवात जळगाव शहरातल्या, पायी जाता येईल अशा शाखेपासून करा, मग भुसावळ आणि अमळनेर, आणि सातपुड्याकडच्या शाखा सर्वांत शेवटी. मे महिना टाळलात तर बरे, कारण बंद कपाटातला राउटर त्या उन्हाळ्यात नवा असूनही दगा देतो आणि तुम्ही सेटिंगमध्ये चूक शोधत बसता. खोक्यात एकच कागद घाला आणि त्यावर पोर्टची नावे छापू नका. निळी पट्टी चिकटवलेल्या भोकात मोडेमची वायर, पांढऱ्या पट्टीच्या भोकात स्विचची वायर, मग प्लग, आणि दहा मिनिटे कशालाही हात लावू नये, एवढेच मोठ्या अक्षरांत लिहा. दहा मिनिटे हा शब्द अधोरेखित करा, कारण दुसऱ्याच मिनिटाला धीर सुटून राउटर बंद-चालू करणारे लोक प्रत्येक शाखेत असतात. जुना राउटर त्याच कपाटात, वायर काढलेल्या स्थितीत आठ दिवस राहू द्या. पलीकडून फोनवर ‘भाऊ, हिरवा दिवा लागना’ (म्हणजे लागला) असे ऐकू आले की तुमच्या पडद्यावर त्या शाखेची ओळ उजळलेली आहे ना ते पाहा, सिरियल नंबर वाचून घ्या आणि त्यानंतरच त्या शाखेचे पूर्ण सेटिंग सोडा.